चौदावी चाल

तेविसाव्या चालीला हत्ती गेला
म्हणून मी तेविसाव्या चालीलाच शिव्या घालत होतो,
बिबवेवाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात,
पन्नास जोड्यांतून स्वतःच्या चपला शोधत.

शर्वरी दुधाणे, इयत्ता सहावी,
मला हरवून डबा खात बसली होती.
पोळीचा रोल, आत तूप-साखर.
म्हणाली, काका, डाव परत बघायचा?
म्हटलं, बघायचंय काय त्यात.
हत्ती सी-आठवर ठेवायला नको होता. संपलं.
तिनं बोटं रुमालाला पुसली
आणि पट मांडायला घेतला.

घोडा ई-सातवर आला, शह बसला, हत्ती पडला,
हे तर दिसतंच, ती म्हणाली.
पण त्याच्या आधी पाच चाली
घोडा एफ-पाचवर नुसता बसून होता.
त्याला उठवणार कोण होतं?

मी पटाकडे पाहिलं.
उठवू शकणारं प्यादं
केव्हाच जी-पाचला जाऊन उभं राहिलं होतं,
छाती काढून.

चौदावी चाल.
तिच्या उंटाला मी त्या प्याद्यानं हुसकावलं होतं.
उंट एक घर मागे सरकला, निमूट.
आणि मी, पंचांची नजर चुकवून,
चालींच्या कागदावर त्या चालीपुढे
बारीक उद्गारचिन्ह काढलं होतं.
अख्ख्या डावात एकच.

ती आणखी मागे गेली.
पाचवी चाल, माझा वजीर थेट बी-दोनवर.
हे प्यादं का खाल्लं?
फुकट होतं.
फुकट नाही काका, चार चाली, तिनं मोजून दाखवल्या,
वजीर घरी परत यायला.
तोवर माझा एक उंट आणि एक घोडा
पाहुण्यासारखे जागेवरच बसलेले,
राजाचा किल्लेकोट थेट बाराव्या चालीला.
आणि मग तुम्हाला घाई झाली, ती म्हणाली,
काहीतरी करून दाखवायची.

हे ती मोठ्यानं म्हणाली नाही.
रोलचा शेवटचा घास तोंडात होता.

माझं नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान आहे.
काउंटरवर पाटी:
एकदा बसवलेला पार्ट परत घेतला जाणार नाही.
टेम्पोवाले येतात, म्हणतात, शेठ, क्लच प्लेट गेली.
मी म्हणतो, प्लेट आपोआप जात नाही.
मागचं ऑइल सील गळायला कधी लागलं, ते सांग.
मग तो डोकं खाजवतो.
म्हणतो, दिवाळीच्या आधीपासून जरा थेंब दिसायचे खाली.
सत्तावीस वर्षं विचारतोय मी लोकांना हे.

म्हटलं, बरं, मग चौदाव्या चालीला काय खेळायचं होतं?
काहीच नाही, ती म्हणाली.
राजा एक घर कोपऱ्यात सरकवायचा आणि थांबायचं.
मला काही सुचत नव्हतं तेव्हा. खरंच.
तुम्ही थांबला असता
तर मीच काहीतरी वेडंवाकडं केलं असतं.

याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.

खिशातून पेन काढलं,
उद्गारचिन्हाला लागून प्रश्नचिन्ह दिलं.
ती हसायला लागली.
काका, असं लिहिलं की अर्थ होतो
चाल धाडसी आहे, विचार करण्यासारखी.
मग उलटं लिहू?
उलटं म्हणजे शंकास्पद. तेवढीपण नव्हती.
तिनं पेन घेतलं, खाडाखोड केली,
दोन ठसठशीत प्रश्नचिन्हं,
शाळेतल्या बाई देतात तशी, कागद फाटेपर्यंत.

पुढची फेरी चार वाजता.
समोर वडगावचे कुणी निवृत्त ओव्हरसियर.
सहाव्या चालीला एक प्यादं उघडं पडलं त्यांचं,
गोबरं, कोवळं, राखण नसलेलं.
मी दोन्ही हात मांडीखाली घेतले
आणि त्यांवर बसून राहिलो.
पंख्याखाली चालींचा कागद फडफडत होता.
अकरा मिनिटं गेली.

तो डावही हरलो मी.
पण एकतिसाव्या चालीपर्यंत पोचलो,
आणि चूक कुठली ते
यावेळी चपला शोधायच्या आधीच कळलं.